आठ आण्यांची घाण

हळदीच्या बाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. आमच्या हिंगोलीला त्या काळी, म्हणजे निजामी अंमलात, तोंडानं भाव बोलणाऱ्याला कच्चा समजत. आडत्या आणि खरेदीदार समोरासमोर उभे राहायचे, हातांवर रुमाल टाकायचे आणि रुमालाखाली एकमेकांची बोटं धरायचे. एक बोट, दोन बोटं, पूर्ण पंजा, असा तो हिशोब. बोटं खाली काम करत असताना तोंडं वर रिकामी राहू नयेत म्हणून माणसं काहीही बोलत. बैलाच्या खुराचं, लेकीच्या सोयरिकीचं, थंडीचं. ते बोलणं बोलणाऱ्यानं मनापासून बोलायचं नसतं आणि ऐकणाऱ्यानं ऐकायचं नसतं. समोरच्याचं लक्ष बोटांवरून उडावं एवढ्यासाठीच ते असतं. मी याच बाजारात हमाल म्हणून पोती वाहिली, मापाडी झालो आणि शेवटी स्वतःची आडत टाकली. त्या सगळ्या वर्षांत मी एकच विद्या पक्की केली. रुमाल पडला की कान बंद.

या विद्येनं माझे तीन मासे मारले. त्याची ही हकिकत आहे.

स्टेशनकडच्या रस्त्यावर काचेचं काम करणारे एक म्हातारे मुसलमान कारागीर होते. कंदिलाच्या काचा, आरसे, तसबिरींच्या चौकटी असं काम. सगळे त्यांना चाचा म्हणत. त्यांच्या दुकानात एक काचेची पेटी होती. टिनाची चौकट, तळाला शहाबादी फरशी, दोन-अडीच हात लांब. आत पाच सोनेरी मासे. चाचांनी कधीकाळी हैदराबादहून घागरीत घालून रेल्वेनं जोडी आणली होती, ती घरच्या हौदात वाढली आणि त्यातले पाच या पेटीत होते. तळाला बोटभर वाळू-खडे, काचांना हिरवट थर आणि पाणी फिकट चहासारखं. हिंगोलीत दुसरीकडं कुठं असली पेटी नव्हती.

मला माशांचं काहीही नव्हतं. मला शिरड शहापूरच्या एका बागायतदाराचं होतं.

हा माणूस दर हंगामाला गाड्याच्या गाड्या हळद आणायचा आणि ती सगळी माझ्या शेजारच्या आडतीवर उतरायची. शेजारी आडत्या बापाच्या गादीवर बसलेला होता. मी मापाडी झालो तेव्हाही तो मला चारचौघांत हमाल म्हणायचा आणि आडत टाकली तेव्हाही. मी बागायतदाराला तीन वर्षं नमस्कार करत होतो. तो नमस्कार घ्यायचा आणि पुढं जायचा. पण मी एक गोष्ट पाहून ठेवली होती. बाजाराच्या दिवशी हा बाबा गाडी सोडून पहिल्यांदा चाचांच्या दुकानात जायचा आणि त्या पेटीपुढं उकिडवा बसायचा. तंबाखू मळायचा, मासे बघायचा. अर्धा-अर्धा तास. मी ठरवलं, हे मासे माझ्या दुकानात पाहिजेत. मासे आले की हा येईल, आणि हा आला की हळद येईल.

दिवाळीनंतर चाचांच्या डोळ्यांवर पडदा यायला लागला. पेटी विकायची असं ते म्हणाले, आणि मी त्याच दिवशी गेलो. खांद्यावरचा रुमाल काढला.

"काच घ्यायला रुमाल कशाला रे?" चाचा म्हणाले. त्यांनी मला पोती वाहताना पाहिलेलं होतं, त्यामुळं ते मला शेवटपर्यंत अरे-तुरे करत.

"माझी हीच पद्धत हाय," मी म्हणालो.

"माझ्या दुकानात तुझी पद्धत." त्यांनी मान हलवली, पण हात पुढं केला.

रुमालाखाली मी त्यांची दोन बोटं दाबली. त्यांनी माझी चार दाबली. आणि वर त्यांचं तोंड सुरू झालं. आता मी ते शब्द लिहू शकतो, कारण नंतर ते मला म्हणून दाखवावे लागले. त्या वेळी ते माझ्या कानावरून वाऱ्यासारखे गेले.

"हे बघ," चाचा म्हणत होते, "नवं पाणी कच्चं असतं. मासा त्याच पाण्यात खातो, त्याच पाण्यात घाण करतो. त्या घाणीचं जहर होतं."

"यंदा थंडी बरी हाय," मी म्हणालो. बोटं तीन केली.

"ही जी काचेवर शेवाळ दिसून राहिली, खड्यांवर जी चिकट आहे, ती ते जहर खाते. ती व्हायला महिना-दीड महिना लागतो. ती घासायची न्हाई."

"बैलांना बरी असते थंडी."

"पाणी सगळं कधीच टाकायचं न्हाई. दोन तांबे काढ, दोन तांबे घाल. आणि खायला गव्हाच्या दाण्याएवढं. जास्त न्हाई."

मी तीन बोटांवर ठाम राहिलो आणि ते कंटाळून मान्य झाले. सौदा पटला तसा मी रुमाल उचलला. चाचांना वाटलं मी ऐकलं. मला वाटलं म्हाताऱ्याला बाजार कळतो, बोटांवरून लक्ष उडवायला किती छान बोलत होता.

मग ते म्हणाले, "खडे आणि दोन घागरी हे पाणी, असं सोबत ने. त्याचे आठ आणे वेगळे. मला हौदाला दुसरीकडनं खडे आणावे लागतील."

"घाणीचे आठ आणे?" मी म्हणालो. "ती तुमीच ठेवा."

हे मी मोठ्यानं बोललो. शेजारी आडत्या तिथं कंदिलाची काच घ्यायला आला होता, तो हसला, आणि त्यानं माझ्या बाजूनं हसावं असं आयुष्यात पहिल्यांदाच घडलं. मी पेटी रिकामी करवली, मासे घागरीत घेतले आणि घाण वगळून सौदा केला म्हणून दिवसभर खूश होतो.

दुकानात आणल्यावर पेटी मी स्वतः राखेनं घासली. काथ्याचा बोळा आणि चुलीतली राख, काच आरशासारखी निघाली. नदीची वाळू सात पाण्यांनी धुतली. विहिरीचं ताजं पाणी भरलं. मासे सोडले. पाचही मासे लाल-सोनेरी, आरपार दिसत होते. चाचांच्या चहासारख्या पाण्यात ते एवढे सोनेरी असतील असं कोणाला कळलंही नव्हतं. बाजाराच्या दिवशी दुकानापुढं गर्दी झाली. बागायतदार चाचांच्या दुकानाऐवजी माझ्याकडं आला, उकिडवा बसला, तंबाखू मळली.

"पाणी लय साफ हाय," तो म्हणाला.

"आपल्याकडं सगळंच साफ असतं, मालक."

तो बराच वेळ बघत बसला. उठताना म्हणाला, "माझी हळद शिमगा झाल्यावर निघंल. तवर हे मासे जगले तर गाड्या तुझ्याकडं आणतो."

मला वाटलं थट्टा करतो आहे. तो थट्टा करणारा माणूस नव्हता.

"हळदीला पण वल लागते," तो म्हणाला. "ज्याला पाणी सांभाळता येत न्हाई त्याच्या वखारीत माझी हळकुंडं ठेवून मी काय करू? बुरशी बघू?"

शेजाऱ्यानं हे त्याच्या गादीवरून ऐकलं. संध्याकाळपर्यंत ते बाजारातल्या सगळ्यांना माहीत होतं. म्हणजे मार्गशीर्षापासून शिमग्यापर्यंत माझी आडत पाच माशांवर उभी राहिली.

चौथ्या दिवशी पाणी तांदळाच्या धुवणासारखं पांढुरकं झालं. मी सगळं पाणी ओतून दिलं, राखेनं काच घासली, वाळू धुतली, नवं भरलं. आठवड्यानं पुन्हा पांढरं. पुन्हा सगळं केलं. मासे वर येऊन पाण्याच्या तोंडाशी तोंडं उघड-मिट करू लागले. मी म्हटलं, भूक लागली आहे. दुकानात येणारा प्रत्येक शेतकरी तेच म्हणाला, उपाशी आहेत बिचारे. कोणी फुटाणे टाकले, कोणी भाकरीचा तुकडा, आणि मी स्वतः दिवसातून तीनदा कणकेच्या गोळ्या टाकायचो. मासे खायचे नाहीत, तोंडं उघडीच ठेवायचे. गोळ्या तळाला फुगून पडायच्या. पाण्याला गोठ्याच्या कोपऱ्यात येतो तसला वास यायचा. मी उदबत्ती लावली.

पहिला मासा पंधराव्या दिवशी मेला. कल्ले लाल भडक होऊन आडवा तरंगत होता. शेजारी त्याच्या गादीवरून म्हणाला, "किती राहिले?"

"मोजता येतात की तुमाला," मी म्हणालो.

"बापानं शिकवलंय थोडं. चार."

त्यानंतर मी रोज पाणी बदलायला लागलो. रोज. पहाटे विहिरीवरून बारा घागरी, राख, काथ्या, वाळू. हमालीत कमावलेली पाठ होती, ती कामाला आली. माझी बायको घरातून दुकानात चहा घेऊन यायची आणि उभी राहून बघायची. दुकान पुढं आणि घर मागं, मध्ये बैलांचं अंगण, अशी आमची जागा होती.

"अवो," ती एकदा म्हणाली, "त्या चाचांच्या इथं तर कधी कोणी पेटी घासताना दिसलं न्हाई."

"म्हातारा हाय. होत न्हाई त्याच्यानं."

"मासे तर पाच होते त्यांच्याकडं. वरसानुवरसं."

"आजारी मासे गळ्यात मारले त्यानं माझ्या," मी म्हणालो. हे मी तोपर्यंत मनातही म्हटलं नव्हतं, पण तोंडातून निघालं तसं मला ते एकदम पटलं. सगळं त्यात बसत होतं. तीन बोटांवर मान्य झाला तो का? माल सडका होता म्हणून.

दुसरा मासा गेला, तिसरा गेला. तिसऱ्याच्या दिवशी शेजारी म्हणाला, "आता बोटांवर आले की रे," आणि मी तिथून उठून मेलेला मासा पानात घेऊन चाचांच्या दुकानात गेलो. तिथं चार गिऱ्हाइकं होती. मला चार पाहिजेच होती.

"हा घ्या तुमचा माल," मी म्हणालो. "रोगट मासे विकून राहिले तुमी. म्हातारपणी तरी लाज धरा."

चाचांनी पान डोळ्यांजवळ नेलं, माशाचे कल्ले पाहिले. "घासलंस?"

"रोज घासतो. तुमच्यासारखा आळशी न्हाई मी."

"मी सांगितलं होतं तुला."

"कधी?"

"सौद्याच्या वक्ताला. रुमालावर. सगळं सांगितलं होतं."

"सौद्यात कोणी खरं बोलतं का?" मी म्हणालो. मला तो प्रश्न बिनतोड वाटला.

गिऱ्हाइकांपैकी एक जण हळूच बाहेर गेला. चाचांनी पान परत माझ्या हातात दिलं. मी ते रस्त्यात टाकून आलो, आणि पुढचा पंधरवडा भेटेल त्याला सांगत राहिलो की काचवाला फसवतो. बाजारात माणूस एवढं बोलला की ते खरं होतं. निदान माझ्याबाबत तरी कैकदा झालं होतं, आणि आता ते दुसऱ्याच्या बाबतीत करायची पाळी माझी होती.

तिथून परत आल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी पेटीत एकही मासा नव्हता.

पाणी होतं, वाळू होती. मासे नव्हते. मेलेलेही नव्हते. मी सरळ शेजाऱ्याच्या गादीवर गेलो आणि म्हणालो, मासे काढ. त्यानं आधी जोडे काढायला सांगितलं, मग कारण विचारलं, मग एवढा हसला की त्याचा मुनीम पाणी घेऊन आला. मी त्याच्या गादीवर उभं राहून काय काय बोललो ते इथं लिहीत नाही. परत आलो तर बायको अंगणात बैलांना पाणी दाखवत होती.

"काहून ओरडून राहिले? मासे इथं हायेत," ती म्हणाली.

अंगणात बैलांना पाणी पाजायची दगडी डोण होती. आम्ही ती जागा घेतली त्याच्याही आधीची. आतून हिरवीगार, हात लावला तर निसटावा अशी. तिला कोणी कधी घासलं नव्हतं, पाणी कमी झालं की दोन घागरी ओतायच्या एवढंच. बैल पाणी पीत होता आणि त्याच्या नाकापासून हातभरावर माझे दोन सोनेरी मासे शेवाळाला तोंड लावत होते.

"मरतेत म्हणून काल सांजेला टाकले," बायको म्हणाली. "हितं मेले असते तर निदान तुमी बारा घागरी वढल्या नसत्या."

मी म्हणालो, दोन दिवसांत मरतील. दोन दिवसांनी ते तिथंच होते. आठ दिवसांनी तिथंच होते आणि जाड झाले होते. बैल पाणी प्यायला आला की खाली जायचे, गेला की वर यायचे. तोंड उघडून कोणी उभं राहत नव्हतं. मी रोज जाऊन डोणीपाशी बसायचो, बागायतदार बसायचा तसा. आजारी माल आठ दिवसांत जाड होत नाही. हे मला समजत होतं. मला ते समजायला नको होतं.

पेटी दुकानात रिकामी होती. शिमग्याला महिना-सव्वा महिना राहिला होता. डोणीतले मासे दाखवून चाललं नसतं. बागायतदार पेटीतल्या माशांविषयी बोलला होता, आणि त्याच्या शब्दांतून वाट काढायला गेलो तर तोच उलट म्हणाला असता की आडत्याच्या बैलांना पाणी सांभाळता येतं. मी आणखी एकदा पेटी राखेनं घासली, पाणी भरलं, एक मासा डोणीतून काढला आणि सोडला. दुपारपर्यंत तो वर येऊन तोंड उघडायला लागला. मी त्याला परत डोणीत टाकला आणि तसाच, हात न पुसता, चाचांकडं गेलो.

ते एकटे होते. एका आरशामागं कागद चिकटवत होते.

मी बोलायच्या आधी त्यांनी माझा हात धरला आणि उजेडात नेला. "बोटं लाल काहून झाली तुझी?"

मी पाहिलं. हळदीवाल्याची बोटं बारमाही पिवळी असतात. माझी पुढची तीन बोटं विटकरी लाल होती. पाण्यात हात घातला की अशी होतात हे मी महिनाभर पाहत होतो. मला वाटलं होतं माशांचं काहीतरी लागतं.

"हळदीचं कुंकू कसं करतेत?" चाचांनी विचारलं. "तू हळदवाला. तूच सांग."

हळदीला खार लागला की ती लाल होते. चुना लावा, पापडखार लावा, राखेचं पाणी लावा. हे आमच्याकडं बाया-बापड्यांनाही माहीत असतं. म्हणजे माझ्या त्या आरशासारख्या पेटीत राखेचा खार होता, इतका की हात घातला तर कुंकू व्हावं. आणि तो मी रोज पहाटे स्वतः भरत होतो.

"एक तर तू त्यांची घाण खाणारं सगळं घासून टाकलं," चाचा म्हणाले. "वर जेवण एवढं दिलं की घाण दुप्पट. वर राख. खाराच्या पाण्यात ते जहर आणखी कडक होतं. तिघं मेले यात नवल न्हाई. दोघं राहिले हे नवल हाय."

"दोघं डोणीत हायेत," मी म्हणालो.

"कोणी ठेवले?"

"बायकोनं."

"तरीच."

पुढं बऱ्याच वर्षांनी आमच्या मागच्या खोलीत रसायनशास्त्राचे एक मास्तर भाड्यानं राहायला आले. त्यांनी मला सांगितलं की त्या जहराला अमोनिया म्हणतात. माशाच्या मुतातून, कुजलेल्या अन्नातून तो होतो, आणि डोळ्यांना न दिसणारे जीव खड्यांवर बसून तो खातात. नव्या पेटीत ते जीव नसतात, त्यांना वसायला चार-सहा आठवडे लागतात. पाणी खाराचं, म्हणजे अल्कधर्मी, असेल तर तेवढाच अमोनिया जास्त मारतो. मास्तरांनी ते फळ्यावर समजावल्यासारखं समजावलं. मी त्यांना म्हटलं, हे मला आधीच सांगितलेलं आहे, रुमालावर.

मी चाचांना विचारलं, "आता काय करू?"

"आधी म्हण. मी काय सांगितलं होतं ते."

मला एक शब्द आठवत नव्हता. थंडी आठवत होती, बैल आठवत होते, ते माझे शब्द होते. चाचांनी ओळ सांगायची आणि मी मागून म्हणायची असं शाळेसारखं चाललं. नवं पाणी कच्चं असतं. शेवाळ घासायची न्हाई. पाणी सगळं टाकायचं न्हाई. दोन तांबे काढ, दोन तांबे घाल. गव्हाच्या दाण्याएवढं. मध्येच एक गिऱ्हाईक आलं आणि थांबलं. चाचा म्हणाले, "बस, याचं चाललंय." मी गिऱ्हाइकासमोर गव्हाचा दाणा पुन्हा म्हणालो. मी माझ्या आयुष्यात एवढा वेळ राग गिळलेला नाही.

मग ते मागं गेले आणि मडक्यात खडे घेऊन आले. तेच खडे, चिकट, काळपट, मी नाकारलेले. त्यांनी ते हौदात टाकून ठेवले होते. दोन घागरी हौदाचं पाणी दिलं.

"याचे किती?" मी विचारलं.

"आधी मासे जगू दे."

त्या महिन्याइतका लांब महिना मी पाहिलेला नाही. पेटी साध्या पाण्यानं अनेकदा खळखळून राख घालवली. खडे टाकले, हौदाचं पाणी टाकलं, वर रांजणातलं शिळं पाणी घातलं. आधी एकच मासा. पंधरा दिवसांनी दुसरा. फुटाणे टाकणाऱ्या शेतकऱ्यांचे हात मी वरच्या वर धरले, त्यात दोन गिऱ्हाइकं दुखावली. पाणी मध्ये थोडं गढूळलं तेव्हा मी काथ्या शोधायला गेलो, तर काथ्या नव्हता आणि चुलीत राखही नव्हती.

"राख कुठंय?"

"उकिरड्यावर," बायको म्हणाली. "शिमग्यापस्तोर रोज उकिरड्यावर जाईल."

मी नाकानं बघायला शिकलो. सकाळी पेटीशी वाकून वास घ्यायचा. गोठ्याचा वास आला तर त्या दिवशी खाणं बंद, आणि चार तांबे पाणी काढून चार घालायचं. ओल्या मातीचा वास आला तर हात मागं बांधून बसायचं. हात मागं बांधून बसणं मला कोणी शिकवलं नव्हतं. शेजारी गादीवरून म्हणायचा, "काय, पेटीची पूजा चाललीय का?" मी उत्तर द्यायचो नाही. वास बिघडतो की काय असं वाटायचं.

शिमगा झाला. आठ दिवसांनी बागायतदाराच्या गाड्या बाजाराच्या तोंडाशी उभ्या राहिल्या आणि तो एकटा चालत आला. पेटीपुढं उकिडवा बसला, तंबाखू काढली. काचा हिरवट झाल्या होत्या, पाणी फिकट चहासारखं, आणि त्यात दोन मासे सावकाश फिरत होते. शेजारी गादी सोडून आमच्या उंबऱ्याशी येऊन उभा राहिला. त्याला काय घाई होती.

"तीन कमी हायेत," बागायतदार म्हणाला.

"व्हय."

"पाणी साफ न्हाई आता."

"मुरलंय."

त्यानं तंबाखू दाढेखाली ठेवली. "तिघं काहून मेले? बाजारात ऐकलं की काचवाल्यानं रोगट दिले."

ते बाजारात कोणी सांगितलं हे तिथल्या तिघांनाही माहीत होतं. म्हाताऱ्यानं फसवलं म्हणावं तर मी फसणारा आडत्या ठरतो. मी मारले म्हणावं तर पाणी न कळणारा आडत्या ठरतो. दोन्हींत हळद जाते. एरवी अशा वेळी मी तिसरं काहीतरी काढतो, त्यावरच माझं पोट चाललं. पण महिनाभर सकाळी पेटीचा वास घेऊन घेऊन माझ्या अंगातलं काहीतरी मंद झालं होतं.

"काचवाल्यानं चांगले दिले होते," मी म्हणालो. "सांगितलंही होतं सगळं. मी ऐकलं न्हाई. धुऊन धुऊन मारले."

शेजारी काही बोलणार होता. बागायतदारानं त्याच्याकडं पाहिलंही नाही.

"पाचातले दोन राहिले," तो म्हणाला.

"दोन."

"मग पाच गाड्यांतल्या दोन तुझ्याकडं. तीन यांच्याकडं." त्यानं शेजाऱ्याकडं अंगठा केला आणि उठला.

माझा चेहरा बहुतेक दिसत असावा, कारण जाताना तो थांबला. "काल चाचाकडं गेलतो," तो म्हणाला. "ते म्हणले, त्याच्या तोंडून खरं निघालं तर दोन गाड्या दे, न्हाई तर एक पण देऊ नको. मी तर तीन मासे गेले म्हणून काहीच देणार नव्हतो."

दोन गाड्या माझ्या दारात सुटल्या. तीन शेजाऱ्याच्या. त्या तीन गाड्यांचा विचार माझ्या डोक्यातून अजून गेलेला नाही. आठ आण्यांच्या खड्यांसाठी तीन गाड्या हळद शेजाऱ्याच्या वखारीत गेली, आणि तीही त्यानं एक मासा न पाळता.

त्या संध्याकाळी मी चाचांकडं गेलो. खांद्यावरचा रुमाल त्यांच्या हातावर टाकला आणि माझा हात आत घातला. खड्यांचे, पाण्याचे, सांगितलेल्या शब्दाचे, आणि मी बाजारभर जे बोललो त्याचेही, जे काय होतील ते मी द्यायला तयार होतो. पाचही बोटं दाबली असती तरी मी घासाघीस करणार नव्हतो. हे माझ्या बाबतीत पहिल्यांदाच होत होतं आणि त्यांनी त्याचा फायदा घ्यायला पाहिजे होता.

त्यांचा हात रुमालाखाली उघडा पडून राहिला. एकही बोट हललं नाही. हळदीच्या बाजारात उघड्या तळव्याला कुठलाही आकडा नाही.

"यंदा थंडी बरी होती," चाचा वर म्हणाले.

मी रुमाल काढून घरी आलो.

मी हंगामाच्या हंगामाला त्यांच्या घरी हळद पाठवायचो. ते कंदिलाच्या काचा परत पाठवायचे, जेवढ्यास तेवढ्या. अठ्ठेचाळीसच्या पावसाळ्यात पोलीस ॲक्शन झाली आणि त्यानंतर आमच्या भागातली बरीच मुसलमानांची घरं हलली. का हलली ते त्या वेळच्या माणसांना माहीत आहे. चाचांची लेक हैदराबादला दिली होती, ते तिच्याकडं निघाले. मी स्टेशनवर गेलो तेव्हा त्यांना दिसत नव्हतं, आवाजानं ओळखलं. मी पुन्हा रुमाल टाकला. पुन्हा तोच उघडा हात.

वर ते म्हणाले, "माझा हौद आता कोणी तरी धुवंल. मासे तू घेऊन जा. रात्रीचं शिळं पाणी आधी घाल."

या वेळी मी ऐकलं. हौदात अकरा मासे होते. मी ते आणले, शिळं पाणी घातलं, खडेही आणले, सगळे. त्यांतला एकही पहिल्या महिन्यात मेला नाही. किंमत मात्र त्यांनी शेवटपर्यंत सांगितली नाही, आणि एका हमालानं आडत टाकली ती कोणाचं फुकट घेऊन टाकली नव्हती. हे त्यांना चांगलं माहीत होतं. त्यांनी जाणूनबुजून केलं असं माझं अजूनही मत आहे.